पिशव्यांचा बैल

युद्धाच्या तिसऱ्या पावसाळ्यात, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, उन्हे कलत असताना, नागपुरात महालातल्या आमच्या मोहल्ल्यात एका जिवंत बैलाने एका कागदाच्या बैलाचा उजवा कान खाल्ला. कागदाचा बैल माझ्या आईने केला होता. जिवंत बैल शेजारच्या बंडीवाल्याचा होता. त्यानंतर जे झाले त्याबद्दल मोहल्ल्यात बराच काळ दोन मते होती. मी तिथे हजर होतो, आणि कागदाच्या बैलाची दोरी धरलेली माझी धाकटी बहीण माझ्या शेजारी होती. त्यामुळे पुढे आहे ते बहुतेक पाहिलेले आहे. जे ऐकलेले आहे ते तसे सांगितले आहे.

आईचे माहेर सावनेरकडचे. किराणा दुकानातून येणारी खाकी कागदाची पिशवी तिने कधी टाकली नाही. पिशवी रिकामी झाली की ती उलटी करून झटकायची, तळाची खळ ओल्या बोटाने सोडवायची, कागद सपाट करायचा आणि गादीखाली ठेवायचा. गादीखाली तिची इस्त्री होई. मग ती पलंगाखालच्या लोखंडी पेटीत जाई. पेटीतून ती पुढे कोठे जाईल हे आई ठरवी.

फडताळांत पिशव्यांची कातरलेली झालर होती. आमच्या पुस्तकांना पिशव्यांची वेष्टणे होती. वडे तळले की ते पिशवीवर निथळत, आणि तीच तेलकट पिशवी दुसऱ्या दिवशी चूल पेटवायला घेतली जाई. संत्र्याची वाळलेली साल पिशवीत भरून ती पातळांच्या घड्यांत ठेवलेली असे. चोळीचा बेत पिशवीवर कापला जाई, आणि तो खिळ्याला टांगलेला असल्यामुळे माजघरात एक बिनडोक्याची खाकी बाई कायम उभी असे. उन्हाळ्यात आमच्या डोक्यांवर ओला पंचा आणि त्यावर पिशवीची टोपी असे. शाळेत आम्हाला त्यावरून काय म्हणत ते इथे देण्याचे कारण नाही.

बाबा कचेरीत कारकून होते. त्यांचा एक काळा कोट होता, आणि धूळ बसू नये म्हणून आईने त्या कोटाला पिशव्या शिवून दुसरा कोट केला होता. एकदा बाबा घाईत कॉलरवरची पिशवी न काढताच कचेरीत गेले आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत तसेच बसले. तेव्हापासून पेटीबद्दल त्यांचे मत प्रतिकूल होते. मात्र ते मत ते आईच्या मागे मांडत.

युद्ध सुरू झाले, आणि दुकानदाराने सांगितले की कागद मिळत नाही, सामान न्यायला ज्याने त्याने आपले फडके किंवा पिशवी आणावी. त्या आठवड्यापासून आमच्या दाराशी बाया येऊ लागल्या. आई पिशव्या उसन्या देई. अट एकच होती, परत आणताना नवी घडी पडलेली चालणार नाही. ज्यांनी घडी पाडली त्यांना पुढच्या खेपेला गुळाची पिशवी मिळे, जिला सगळे चिकटते.

माझी आत्या गांधीबागेत राहत होती. तिच्या यजमानांचे कापडाचे दुकान होते. आजोबांचा सागवानी बैल तिच्याकडे होता. तो चांगला गुडघाभर उंच होता, त्याला पितळी चाके होती आणि शिंगांना पितळेच्याच टोप्या होत्या. पोळ्याला खरे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो. मुले आपापले लाकडी बैल सजवून, दोरी धरून, मैदानात तोरणाखाली रांगेत उभी राहतात. मानकरी तोरण तोडतो, म्हणजे पोळा फुटतो, आणि मग मुले बैल ओढत घरोघर जाऊन बोजारा मागतात, म्हणजे खाऊ किंवा पैसे. आत्याच्या घरी लहान मूल नसल्यामुळे सागवानी बैल दरवर्षी आमच्याकडे येत असे. त्या वर्षी तिचा नातू कामठीहून आला होता. नातू तीन वर्षांचा होता आणि बैलाला भीत होता, पण आत्याने बैल द्यायला नकार दिला.

ही बातमी आम्हाला आत्याच्या ओट्यावर समजली. माझी बहीण रडू लागली. आईने तिला थांबवण्यासाठी सांगितले की आपण पिशव्यांचा बैल करू. आत्या सुपारी कातरत होती. ती कातरायची थांबली आणि हसली. ती हसली नसती तर मला वाटते गोष्ट तिथेच संपली असती.

"कागदाचा बैल? पावसाचा एक शिपका आला का बसते तुया बैल," आत्या म्हणाली.

"बसला तं बसला," आई म्हणाली. "पण पोळा फुटेपर्यंत चारी पायांवर उभा राहिला तं?"

आत्याने थोडा विचार केला. उभा राहिला तर आजोबांचा सागवानी बैल कायमचा आमच्या घरी येईल, असे ती म्हणाली. आणि बसला तर आईची पेटी तिच्या बंबात जाईल. आत्याचा तांब्याचा बंब मोठा होता आणि त्याला रोज पहाटे जळण लागे.

आईने लगेच हो म्हटले. दोघींनी बाबांकडे पाहिले. बाबा आत्याचे धाकटे भाऊ आणि पेटीचे जुने विरोधक.

"मले काहून मधात घेता?" बाबा म्हणाले. "मी सागवानाचाबी नाही न कागदाचाबी नाही."

त्यांना साक्षीदार नेमण्यात आले.

घरी आल्यावर आईने पेटी उघडली आणि पिशव्या वासावर वेगळ्या केल्या. डाळीच्या, तांदळाच्या, पोह्यांच्या पिशव्या एका बाजूला गेल्या. हळदीच्या वेगळ्या ठेवल्या, कारण हळदीने बुरशी धरत नाही असे तिचे म्हणणे होते. तिखटाच्या पिशव्या तिने सर्वांपासून दूर, खिडकीत ठेवल्या. ते तिखट भिवापुरी मिरचीचे होते.

कागदाच्या लगद्याची रीत आमच्याकडे घरोघर होती. कागद भिजवायचा, त्यात भिजवलेल्या मेथ्या घालून उखळात कुटायचा आणि पालथ्या भांड्यावर थापून टोपली करायची. मेथ्यांनी लगदा चिकट होतो आणि त्याला कीड लागत नाही. बैल कोणी केला नव्हता. आईने कळशी आडवी ठेवली आणि तिच्यावर लगदा थापून पोट केले. वाळल्यावर ते सुरीने मधोमध कापून कळशी बाहेर काढली आणि दोन्ही अर्धे पुन्हा जोडले. पाय म्हणजे पिशव्यांच्या घट्ट सुरळ्या होत्या, खळीत बुडवून वाळवलेल्या. त्यांच्यावर बाबांना उभे राहायला सांगण्यात आले. बाबा एका पायावर उभे राहिले. सुरळी टिकली. बाबांचा तोल गेला, ते धान्याच्या कोठीला धरून राहिले आणि म्हणाले की हा पाय त्यांच्या पायापेक्षा बरा आहे.

तिथपासून बाबा बदलले. कचेरीतून आल्यावर टोपी काढण्याआधी ते बैलाकडे जात आणि पोटावर टिचकी मारून आवाज ऐकत. डोक्यासाठी कुटण्याचा दिवस आला तेव्हा आई भाजी आणायला गेली होती. मदत करावी म्हणून बाबांनी उरलेल्या सर्व पिशव्या घंगाळात भिजत घातल्या. खिडकीतल्यासुद्धा.

आई आली आणि तिने मुसळ उचलले. तिसऱ्या घावाला ती शिंकली. ती शिंकली म्हणून बहीण हसली आणि हसताना तिने दम आत घेतला, मग तीही शिंकू लागली. बाबा काय झाले ते पाहायला उखळावर वाकले. मी दारात होतो, माझ्यापर्यंत ते जरा उशिरा पोचले. घरातली चारही माणसे शिंकत होती आणि शिंकेच्या मधल्या जागेत हसत होती. बाबांनी डोळे पुसायला तोच हात वापरला आणि ते विहिरीकडे धावले. शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. तिने विचारले की कोणाला काय झाले. आईने शिंकत मुसळाकडे बोट दाखवले. मग भिंतीपलीकडेही शिंका सुरू झाल्या.

लगदा टाकून देण्याचा विचार झाला. पण दुसऱ्या पिशव्या उरल्या नव्हत्या आणि पोळा जवळ आला होता. आईने हाताला गोडे तेल चोळून, नाकाला पदर बांधून त्याच लगद्याचे डोके, कान आणि वशिंड केले. बाबा वारा येतो त्या बाजूला बसून तिला सूचना देत होते. डोळे गुंजांचे बसवले. खाली फळी आणि फळीला रिळांची चाके. झूल आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाची.

राहिला प्रश्न पावसाचा. पोळ्याला पाऊस असतोच. आईने तेलीणबाईला विचारले. ती म्हणाली की जवसाचे तेल लाव, ते वाळून कातडीसारखे होते, पाणी आत जात नाही. आईने लागोपाठ दोन हात दिले, आणि बैल चुलीवरच्या शिंकाळ्यात टांगून वाळवला. हे तेल बरोबर होते. घरातल्या कोणाच्याही लक्षात आले नाही ते एवढेच, की जवसाचे तेल काढल्यावर जी ढेप उरते ती बैलांना घालतात आणि तिच्यासाठी बैल दावे तोडतात. सावनेरला आईने लहानपणी स्वतः ढेप भिजवून बैलांपुढे ठेवली होती. घरात दहा दिवस ढेपेचा वास होता आणि तो वास कशाचा हे तिने एकदाही विचारले नाही. पुढे ती म्हणे की माहेरची आठवण येते एवढेच तिला वाटले होते.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मोहल्ल्यातले सगळे मारबत, म्हणजे रोगराई घालवण्यासाठी काढतात ती पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला गेले आणि आले. दुपारी एक सर येऊन गेली. आम्ही बैल मैदानात नेला तेव्हा भुरभुर चालू होती. थेंब बैलाच्या पाठीवर पडत आणि गोळ्या होऊन खाली घसरत. बाबांनी ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवले. दोन बायांनी हात लावून पाहिला, आणि नंतर त्या डोळे पुसताना दिसल्या.

आत्या टांग्याने आली. तिच्याबरोबर नातू होता आणि सागवानी बैल होता, त्याच्या गळ्यात नव्या घुंगरांची माळ होती. तिने आमच्या बैलाला पुढून, मागून आणि वाकून खालून पाहिले. मग तिने आपल्या नातवाला रांगेत नेमके माझ्या बहिणीच्या शेजारी उभे केले. नातवाने दोरी धरली, पण तोंड बैलाकडे न करता आत्याकडे केले.

मैदानाच्या दोन कडुलिंबांमध्ये आंब्याच्या पानांचे तोरण होते. तोरण तोडण्याचा मान मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या मास्तरांचा होता. त्यांनी पिढ्यांना पाढे शिकवले होते आणि ते कशाचीही घाई करत नसत. आधी त्यांनी सर्व बैलांची पूजा केली. मग मोठी माणसे झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची कवने, म्हणू लागली. एकाची झडती संपली की दुसरा तिच्यावर कडी करी. आई माझ्या मागे उभी होती. तिने माझा खांदा धरला होता, आणि प्रत्येक नव्या झडतीला तिची बोटे आवळत होती. बैल अजून उभा होता. पोळा अजून फुटला नव्हता.

बंडीवाल्याचा बैल पलीकडच्या कडुलिंबाला बांधलेला होता. आदल्या दिवशीच्या पोळ्याची बेगड त्याच्या शिंगांना तशीच होती आणि अंगावर गेरूचे पंजे होते. तो म्हातारा आणि शांत म्हणून प्रसिद्ध होता. वारा फिरला तेव्हा त्याने मान वर केली. हे मी पाहिले. दावे तुटले की सुटले याबद्दल बंडीवाल्याचे म्हणणे वेगळे आहे.

तो धावला नाही. तो चालत आला, पाहुणा पंगतीला येतो तसा, रांगेतल्या सर्व लाकडी बैलांसमोरून, एकेकाला हुंगत. मुले बाजूला होत गेली. माझ्या बहिणीने दोरी सोडली नाही. तो तिच्या बैलापाशी थांबला. त्याने आधी पाठ चाटली. मग पोट चाटले. झडत्या बंद पडल्या. कोणीतरी हसले आणि मग सगळे मैदान हसू लागले. आई तेवढी हसत नव्हती.

"सोड वं दोरी," ती बहिणीला म्हणाली.

बहिणीने मान हलवली. बैलाने तोंड उघडले आणि कागदाच्या बैलाचा उजवा कान मुळापासून उपटून घेतला. त्याने तो दोनदा चावला. मग तो थांबला.

त्या चेहऱ्याचे वर्णन मोहल्ल्यात अनेकांनी अनेक वर्षे केले. कानाच्या बाबतीत मी एवढेच सांगतो की तो त्याने गिळला होता. त्याने जीभ बाहेर काढली, आत घेतली, पुन्हा बाहेर काढली. नाकातून एक फुत्कार आला, त्याने पुढच्या माणसाचे धोतर भिजले. मग त्याने शेपूट उभी केली, तो वळला, आणि बंडीवाल्याने दहा वर्षांत त्याच्याकडून पाहिली नव्हती अशा चालीने पाण्याच्या टाक्याकडे सुटला. टाके तोरणाच्या पलीकडे होते. तोरण त्याच्या शिंगांत अडकले, तुटले, आणि आंब्याची पाने कपाळावर घेऊन तो निघून गेला.

तोरण तुटले की बैल पळवायचे हे मुलांना माहीत होते. कोणी तोडले हे कोणी पाहत बसले नाही. सगळी रांग ओरडत सुटली. माझी बहीण एका कानाच्या बैलाला ओढत सर्वांच्या पुढे होती, रिळांची चाके खडखडत होती. आत्याच्या नातवाने दोरी टाकली आणि तो आत्याच्या कडेवर चढला. सागवानी बैल कोणाच्या तरी दोरीत गुंतून आडवा झाला आणि चारी चाके वर करून चिखलात पडला. बाबांनी टोपी काढून हवेत फेकली. ती टोपी परत मिळाली नाही.

मैदान शांत झाल्यावर आत्या म्हणाली की हा पोळा धरता येणार नाही. मास्तरांनी तोरण तोडलेच नाही.

"तोरण माणसानं तोडा लागते," ती म्हणाली.

"पोळा बैलाचा होय का माणसाचा, बाई?" आई म्हणाली.

मास्तर मध्ये उभे होते, हात अजून तोरणाच्या दिशेने अर्धा उचललेला. लोक त्यांच्याकडे पाहू लागले. त्यांनी हात खाली घेतला, चष्मा पुसला आणि सांगितले की तोरण तुटले म्हणजे पोळा फुटला, आणि ते कोणाच्या शिंगाने तुटावे याचा नियम त्यांना माहीत नाही. मोहल्ल्यातले काही लोक याला शेवटपर्यंत राजी नव्हते. त्यांच्या मते त्या वर्षी पोळा फुटलाच नाही.

आत्याने कागदाचा बैल मागवला. बहिणीने तो ओढत आणला. आत्या वाकली, तिने बैलाचे चारी पाय हलवून पाहिले. ते घट्ट होते. मग तिने कानाच्या जागी राहिलेल्या भोकात बोट घातले, बोट बाहेर काढून पाहिले आणि जिभेला लावले.

"काय घातलं वं याच्यात?" ती म्हणाली.

"तुमच्या भावाले विचारा," आई म्हणाली.

आत्याने बाबांकडे पाहिले. बाबा टोपी शोधत असल्यासारखे दुसरीकडे पाहत होते. आत्याला एक शिंक आली. मग ती हसायला लागली. ती मैदानाकडेच्या देवळाच्या पायरीवर बसली, तिने नातवाला मांडीवर घेतले, आणि पदर तोंडावर धरून हसत राहिली. आई तिच्या शेजारी बसली. दोघींच्या डोळ्यांतून पाणी येत होते. ते हसण्याचे किती आणि मिरचीचे किती हे सांगता येत नाही. नातू मांडीवरून उतरला, कागदाच्या बैलाकडे गेला आणि त्याने झुलीवर हात ठेवला. सागवानी बैलाला त्याने तोवर एकदाही हात लावला नव्हता.

त्या संध्याकाळी बाबांनी सागवानी बैल खांद्यावरून आमच्या घरी आणला. वाटेत त्यांना बंडीवाला भेटला. तो म्हणाला की बैल पाणी पिऊन पिऊन ढोलासारखा झाला आहे, पण बरा आहे, आणि वैरण खाण्याआधी आता हुंगून पाहतो. पेटी पलंगाखाली होती तिथेच राहिली. तिच्यात त्या दिवशी एकही पिशवी नव्हती.

पुढच्या बुधवारी गांधीबागेतून दुकानाचा गडी आला. त्याच्याजवळ खाकी पिशव्यांचा एक गठ्ठा होता, सपाट केलेला, घडी न पाडलेला, कापडाच्या काठाने बांधलेला. आत्याचा निरोप होता की कान लावून घे, या पिशव्या साखरेच्या आहेत.

आईने नवा कान त्या पिशव्यांचा केला. तो डाव्या कानापेक्षा बोटभर लांब झाला. दिवाळीच्या आत त्याला मुंग्या लागल्या.